सॉ म्हणजे व्हायोलिन? एकदा वाजवून तरी बघा

सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारं वाद्य) शिकणाऱ्यांमध्ये एक तक्ता सतत फिरत असतो. ‘साइन म्हणजे बासरी, स्क्वेअर म्हणजे क्लॅरिनेट, सॉटूथ म्हणजे व्हायोलिन. वेव्ह निवडा, आवाज तयार.’ (साइन, स्क्वेअर, सॉटूथ ही आवाजाच्या मूळ लहरीच्या आकारांची नावं; सॉटूथलाच थोडक्यात सॉ म्हणतात.) खाली दोन पुरवण्या: जाड बाससाठी (खालच्या स्वरांसाठी) तीन ऑसिलेटर (ही लहर काढणारे भाग) हवेतच, आणि अ‍ॅनालॉग सिंथवर ड्रम होत नाहीत, सँपलच (आधी रेकॉर्ड केलेले आवाज) लागतात.

पहिलं विधान अगदीच हवेतलं नाही. हार्मोनिक म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींत कंप पावणारे, त्यातच मिसळलेले वरचे स्वर. स्क्वेअरमध्ये फक्त विषम हार्मोनिक असतात, आणि क्लॅरिनेटच्या खालच्या स्वरांतही विषमांचाच जोर असतो. सॉटूथमध्ये सगळेच असतात: दुसरा निम्म्या जोराचा, तिसरा एक तृतीयांश, असे उतरत गेलेले. (तानपुऱ्यात कुणी न छेडता गंधार ऐकू येतो ना, तो यातला पाचवा.) पण फिल्टर (वरचे हार्मोनिक गाळणारा भाग) सताड उघडा ठेवून नुसती सॉ वाजवून बघा. व्हायोलिन कुठलं, डबीत कोंडलेला भुंगा!

कारण कान वाद्य ओळखतो ते बरंचसं आवाज कसा उठतो आणि कसा विरतो यावरून. पियानोचं रेकॉर्डिंग उलटं वाजवा. हार्मोनिक तेच, तरी पियानो गायब, पेटीचा भाता ओढल्यासारखं काहीतरी उरतं. बदलला फक्त एन्व्हलप, म्हणजे आवाजाच्या चढ-उताराचा आकार.

तेव्हा त्याच सॉवर अटॅक (आवाज उठायचा वेळ) अर्ध्या सेकंदाचा करा, कटऑफ (फिल्टर जिथून गाळू लागतो ती मर्यादा) निम्म्यावर आणा, एलएफओने (सावकाश डुलणाऱ्या ऑसिलेटरने) सेकंदाला पाच-सहा वेळा स्वर किंचित हलवा. आता तंतुवाद्यांचा ताफा म्हणून खपेल. मग अटॅक शून्य, सस्टेन (की दाबून धरल्यावर टिकणारी पातळी) शून्य, डिके (तिथवर उतरायचा वेळ) पाव सेकंद करा आणि फिल्टरही त्याच एन्व्हलपने मिटू द्या: तार छेडल्यासारखा बास. वेव्हच्या नॉबला हातही लावलेला नाही. फिल्टर काय करतो हे कळायला तर मशीनही नको. ‘आ’ लावा आणि स्वर न बदलता हळूहळू ओठ मिटत ‘ऊ’वर या. गळा तोच, तोंडाने वरचे हार्मोनिक गाळले.

तीन ऑसिलेटरांचं खूळ बहुधा 1970च्या मिनीमूग सिंथपासून आलं असावं. त्यात तीन होते, आणि बास भरदार यायचा हे खरंच. पण रोलंड कंपनीच्या टीबी-303 या बास सिंथमध्ये एकच ऑसिलेटर, तोही सॉ किंवा स्क्वेअर एवढाच. त्याच्या बासवर पुढे शिकागोत अ‍ॅसिड हाऊस हे नाचाचं संगीत उभं राहिलं. त्याआधीच, 1982 साली, मुंबईत संगीतकार चरणजित सिंग यांनी तेच यंत्र रागांसाठी वापरलं होतं. जाडी येते ती संख्येने नव्हे, दोन ऑसिलेटर किंचित बेसूर ठेवल्याने. एक 110 हर्ट्झ, दुसरा 110.5, की दर दोन सेकंदांनी एक लाट. पण अगदी खालच्या बासला हा खेळ महागात पडतो: लाट ओसरते तेव्हा तळच निघून जातो. तिथे एकच ऑसिलेटर बरा.

आणि ड्रम होत नाहीत? 1980च्या टीआर-808 या ड्रम मशीनमध्ये एकही सँपल नाही. त्याचा हायहॅट (झांजेचा आवाज) सहा स्क्वेअर ऑसिलेटरांच्या बेसूर गर्दीतून गाळून काढलेला आहे. स्नेअरसाठी (खरखरत्या ड्रमसाठी) नॉइज, म्हणजे नुसती खरखर, आणि छोटा डिके, झालं. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) तर पाच मिनिटांचं काम. साइन घ्या. सिंथमध्ये साइन नसेल तर रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज उठवणारा नॉब) टोकाला न्या. बऱ्याच सिंथचा फिल्टर मग स्वतःच गाऊ लागतो, जवळजवळ साइनच. एन्व्हलपने स्वर 200 हर्ट्झवरून 50वर झटकन पाडा, डोळ्याचं पातं लवायच्या आत. पडायला वेळ लागला तर किक न होता ‘प्यू’ असा खेळण्यातल्या बंदुकीचा आवाज येतो. सस्टेन शून्य ठेवायला विसरू नका, नाहीतर बोट कीवर असेपर्यंत घूं चालूच.

किक जमली की एन्व्हलप उलटा करा. स्वर पाडण्याऐवजी 70वरून 100पर्यंत सावकाश चढू द्या, डिके जरा लांबवा. डग्ग्यावर थाप मारून मनगट सरकवल्यासारखी घुमक येते.