खंबाटकीतली ओपीडी

परवाच्या रविवारी भाच्याच्या मुंजीला पुण्याहून साताऱ्याला निघालो आणि खंबाटकी घाटात, ऐन चढावर, माझी १९९८ सालची गाडी उकळली. काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटच्या फटीतून वाफ आली, मी गाडी कडेला घेतली. जुन्या गाड्या उकळतातच, त्याचं मला काही नाही. राग आहे तो डॉक्टरांचा.

पुढे ज्येष्ठ नागरिकांची एक मिनीबस थांबली होती. वयोमानानुसार तिला थांबावंच लागतं. तीतून कापडी टोपी आणि खांद्याला शबनम लावलेले एक गृहस्थ उतरले. मी फडकं घेऊन रेडिएटरच्या टोपणाला हात घालणार, तोच पाठीमागून आवाज आला, "घरी वाफ न जिरता कुकरचं झाकण काढता का?"

हात मागे घेतला. त्यांचं बरोबरच होतं. आतलं पाणी दाबाखाली असतं, टोपण फिरवलं की थेट तोंडावर येतं. पण बरोबर गोष्ट इतक्या शांतपणे सांगितली की जास्त झोंबते.

"मी होमिओपॅथ. बसा." मी किलोमीटरच्या दगडावर बसलो. का बसलो, देव जाणे. त्यांनी शबनममधून डायरी काढली.

"त्रास कधी होतो? उभं असताना की चालताना?"

"मला?"

"गाडीला."

"चढावर. सिग्नलला कितीही थांबा, काही होत नाही."

"म्हणजे पंखा ठीक. तहान?"

"अं?"

"पाणी किती पिते?"

"आठवड्याला अर्धा लिटर."

"खाली ठिबकतं?"

"नाही, जमीन कोरडी असते."

"एग्झॉस्टला पांढरा धूर? ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ साय?"

"नाही हो."

"मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी चकती, बहुतेक शाबूत आहे. वाफेला गोडसर वास?"

"नाही."

"म्हणजे कूलंट नाही. साधं पाणी घालता."

मी घाटाकडे बघू लागलो. "बोअरचं," बायकोने गाडीतून माहिती पुरवली. आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की त्याने बादल्यांना पांढरी पुटं चढतात. रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं काय होत असेल, हा विचार मला त्या दगडावर बसेपर्यंत कधी शिवला नव्हता.

डॉक्टरांनी डायरीचं पान उलटलं आणि मोर्चा तिकडे वळवला. "वहिनी, स्वभाव कसा?"

"गाडीचा?"

"यांचा."

बायको खाली उतरली. वाफ आली तेव्हा उतरली नव्हती, मी हाक मारली तेव्हा उतरली नव्हती, पण आता उतरली.

"लगेच तापतात," ती म्हणाली. "आणि गार व्हायला फार वेळ."

"आतल्या आत?"

"छे, चारचौघांत."

"दाब सहन होतो?"

"अजिबात नाही."

डॉक्टरांनी हे सगळं लिहून घेतलं. कोणाच्या नावावर लिहिलं ते मला दिसलं नाही.

"पूर्वइतिहास?" आता मलाही राहवेना. चार वर्षांपूर्वी आमच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला होता. "साहेब, आपल्याकडं काय बर्फ पडतो का?" असं म्हणून. थर्मोस्टॅट म्हणजे एक झडपच; तो साधारण ८२ अंशांना उघडतो आणि तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर तापून नीट चालतं. तो नसला की सपाट रस्त्यावर इंजिन धड तापतच नाही आणि उगाच पेट्रोल पितं. चार वर्षं मी मायलेजचं खापर पेट्रोल पंपावर फोडत होतो! आणि काढून टाकायचे मजुरीचे पैसेही मीच मोजले. हे मी आवाज चढवून सांगितलं. बायकोने डॉक्टरांकडे नुसतं पाहिलं.

निदान झालं. टोपणाचं रबर गेलंय. टोपण धड असलं की आत दाब धरतं आणि पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं; रबर गेलं की पातेल्यातलं पाणी आणि रेडिएटरमधलं पाणी सारखंच. त्यात घाट. दर ३०० मीटर चढलं की उकळबिंदू अंदाजे एका अंशाने उतरतो. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ लाच उकळतं, म्हणून तिथे डाळ शिजता शिजत नाही. हे डाळीचं डॉक्टर बायकोला सांगत होते. मला फक्त म्हणाले, "पाऊण तास थांबा, मग पाणी भरा आणि हीटर पूर्ण लावून जा. तोही छोटा रेडिएटरच असतो."

मे महिना. हीटर. चार माणसं, पैठणी, आणि मांडीवर आहेराच्या मिठाईचा खोका.

मिनीबसने हॉर्न दिला. डॉक्टरांनी शबनममधून पांढऱ्या गोळ्यांची बाटली काढली. "चार-चार, दिवसातून तीनदा."

"पाण्यात टाकू?"

"गाडीला नव्हे हो. तुम्हाला."

पोचलो तेव्हा पंगत उठली होती. आमची पैठणी आणि माझा शर्ट पिळून काढण्याजोगे झाले होते. बायकोने ती केस हिस्टरी आधी नणंदेला, मग आचाऱ्याला, मग चक्क भटजींना ऐकवली. "दाब सहन होतो का" ला भटजी सगळ्यात जास्त हसले.

सोमवारी नवं टोपण घेतलं, दोनशेच्या आत मिळालं. थर्मोस्टॅट परत बसवला, रेडिएटर धुऊन घेतला, आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. गाडी कात्रज चढली, काटा मधोमध, हलला नाही.

गोळ्या मी घेतलेल्या नाहीत. मुलगा खातो, गोड लागतात म्हणून. हल्ली तोच घरात सगळ्यात शांत आहे, असं बायको माझ्याकडे बघून म्हणते.