गुलमोहरावरचे आरोप आणि त्याचा खरा दोष

वळिवाचा पहिला तडाखा बसून दोन-चार फांद्या पडल्या, की सोलापुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो: ‘गुलमोहर परदेशी आहे. त्यावर पक्षी येत नाहीत, तो जमिनीतलं पाणी ओढतो, खाली गवत उगवू देत नाही, ऑक्सिजन देत नाही. दिसेल तिथे तोडा.’

परदेशी, हे खरं. झाड मूळचं मादागास्करचं, तिथल्या कोरड्या पानगळीच्या जंगलातलं. पण परदेशी म्हणून हाकला, असं निदान सोलापूरकरांनी तरी म्हणू नये. आपल्या शेंगाचटणीतला शेंगदाणाही अमेरिका खंडातून आला आणि मिरचीही. चिंच आफ्रिकेतली. शेंगदाणा आणि चिंच तर गुलमोहराचेच शेंगाकुळातले भाऊबंद! नव्या जागी झाड वागतं कसं, ते बघायचं. सुबाभळीसारखा रान बळकावत गुलमोहर आपल्याकडे पसरलेला नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या गवताळ माळावर तो लावू नये, हे मान्य; पण तिथे कडुनिंबाच्या रांगाही नकोत. माळाला गवतच शोभतं.

पक्ष्यांचं म्हणाल, तर फुलोऱ्यात मधमाश्या येतात, कावळे फांद्यांत घरटी बांधतात. हा आरोप बहुधा उंदीरमारी (ग्लिरिसिडिया) या दुसऱ्या परदेशी झाडावरून उचलून इकडे चिकटवलाय. वड-उंबरासारखी रसाळ फळं गुलमोहराला नसतात, म्हणून फळं खाणाऱ्या पक्ष्यांना तो फारसा कामाचा नाही, एवढंच.

पाण्याचा आरोप तर उलटाच आहे. कोरड्या दिवसांत हे झाड पानं गाळून पाण्याचा खर्च कमी करतं. तक्रार करायचीच, तर मार्च-एप्रिलच्या उन्हात सावली देत नाही, अशी करा.

खाली काही उगवत नाही, यात थोडं तथ्य आहे. त्याच्या पानाफुलांच्या अर्काने काही रोपांची वाढ खुंटते, असं तैवानमधल्या प्रयोगांत दिसलं होतं. पण शहरात बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून मग गवत शोधणं म्हणजे कमालच.

ऑक्सिजनवर काय बोलायचं? हिरवं पान आहे, ऊन आहे, तर ऑक्सिजन आहेच. रात्री कार्बन डायऑक्साइड सगळीच झाडं सोडतात.

खरा दोष त्या मजकुरात आलेलाच नाही. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ आणि आडवी पसरणारी. त्यात रस्ता रुंद करताना, गटार किंवा केबल टाकताना एका बाजूची मुळं तोडली जातात, आणि वरचा छत्रीसारखा पसारा तसाच राहतो. मग वादळात झाड उन्मळतं आणि दोष एकट्या झाडाला. म्हणून अरुंद फुटपाथवर, विजेच्या तारांखाली, गाड्या लावायच्या जागी नवा गुलमोहर लावू नका. तारा नसतील तिथे कडुनिंब किंवा करंज लावा. गुलमोहराला मैदानाचा मोकळा कोपरा द्या.

जे उभे आहेत त्यांच्या बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढा आणि वाळक्या, एका अंगाला झुकलेल्या फांद्या वळिवाआधी जाणकाराकडून छाटून घ्या. आणि ‘दिसेल तिथे तोडा’ म्हणणाऱ्यांना सांगा, की १९७५ च्या महाराष्ट्र झाडे संरक्षण कायद्यानुसार शहरात परवानगीशिवाय झाड तोडणं हा गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या अंगणातलं का असेना.