चुना टाकला की ॲसिड संपतं?

कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "पिकलिंगच्या खराब ॲसिडात चुना टाका, पीएच सात आला की साधं पाणी. ॲसिड रिकव्हरी हे मोठ्या स्टील मिलचे चोचले. परत मिळालेलं ॲसिड कुचकामीच. उरलं तर टँकरवाला नेतो." मलाच तो तिघांकडून आला. पिकलिंग म्हणजे लोखंडावरचा गंज ॲसिडने काढणं आणि ॲसिड रिकव्हरी म्हणजे थकलेल्या ॲसिडातून वापरण्याजोगं ॲसिड परत मिळवणं.

आधी चुन्याचं बघू. गंज काढून थकलेल्या हायड्रोक्लोरिकमध्ये लिटरला 50 ग्रॅम मोकळं (लोखंडाशी अजून न जुळलेलं) ॲसिड आणि 100 ग्रॅम विरघळलेलं लोखंड धरा. सगळं मारायला हजार लिटरला 180 किलोच्या वर विरलेला चुना लागतो. त्यातून साधारण 275 किलो कॅल्शियम क्लोराइड तयार होतं आणि ते गाळात बसत नाही, पाण्याबरोबर निघून जातं. शिवाय सुका धरला तरी 160 किलो गाळ. प्रत्यक्षात तो पाण्याने फुगलेला, हिरवट, रात्रभरात वरून तांबूस होणारा आणि फिल्टर प्रेसचं (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्राचं) कापड बुजवणारा असतो. आणि सातवर थांबलात तर तोही धड बसत नाही. ॲसिडात विरघळलेल्या या फेरस रूपातल्या लोखंडाला पीएच नऊच्या आसपास न्यावं लागतं, नाहीतर हवा मारावी लागते. पीएचची पट्टी क्षार मोजत नाही. कृष्णाकाठी ज्याचं उसाचं रान क्षारपड झालंय, त्याला हे 'साधं पाणी' दाखवा.

मोठ्यांचे चोचले? अर्धं खरं. भट्टीत भाजून लोखंडाला चिकटलेलं क्लोराइडही ॲसिड म्हणून परत मिळवणं मोठ्या मिललाच परवडतं. पण डिफ्युजन डायलिसिसला भट्टी लागत नाही. पडद्याच्या एका बाजूने खराब ॲसिड, दुसऱ्या बाजूने उलट दिशेने पाणी. ॲसिड पलीकडे जातं, लोखंड बहुतेक अलीकडे राहतं. तेल आणि गाळ मात्र आधी गाळून घ्यावा लागतो. विक्रेता "80-90 टक्के रिकव्हरी" म्हणतो ती फक्त मोकळ्या ॲसिडची. वरच्या हिशोबात मोकळं 50 किलो, तर लोखंडात अडकलेलं 130 किलोच्या घरात. म्हणून टाकी पार मरेपर्यंत वापरून मग मशीनला लावणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही.

कुचकामी म्हणाल, तर टाकीत आपण कॅनमधलं 30-33 टक्क्यांचं ॲसिड तसंच कुठे वापरतो? पातळच करतो. परत आलेल्यात थोडं ताजं घातलं की काम भागतं. त्यात किंचित लोखंड असलं तरी बिघडत नाही, उलट गंज लवकर सुटतो.

टँकरवाल्याबद्दल एकच: 2016 च्या घातक कचरा नियमांत खराब पिकलिंग ॲसिड घातक कचरा आहे. परवानगी नसलेल्याला दिलं तरी जबाबदारी देणाऱ्याचीच.

गॅल्व्हनायझिंगवाल्यांनी (लोखंडावर जस्ताचा थर चढवणाऱ्यांनी) डायलिसिसच्या मशीनच्या आधी एक करावं. नाकारलेल्या जॉबवरचा जस्ताचा थर काढायला वेगळी टाकी ठेवा. जस्त-लोखंड एकत्र झालेलं ॲसिड भट्टीवालाही घेताना नाक मुरडतो.