वाचायला सांगतंय कोण?

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉकवर खातं ठेवायला बंदी आली, तेव्हा आमच्या पुण्याच्या घरच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकच म्हणणं: आपल्याकडेही हे हवं, कॉलेजची पोरंसुद्धा वाचेनाशी झालीत.

मी मेलबर्नच्या एका विद्यापीठात शिकवते. माझे विद्यार्थी अठरा-एकोणीस वर्षांचे, त्यांना हा कायदा लागूच नाही. वीस पानांचा लेख हातात दिला की चौथ्या पानाशी बोटं फोनकडे वळतात. ओळीवरून डोळे फिरतात पण डोक्यात काही राहत नाही, असं तीच मुलं सांगतात. रील्सनी नुकसान केलंय, यात मला शंका नाही. तरी ती लेख संपवतात, कारण दर आठवड्याला ट्युटोरियलमध्ये पंधरा-वीस जणांसमोर त्यावर बोलावं लागतं. न वाचता आलेला पाच मिनिटांत उघडा पडतो.

जानेवारीत पुण्याला गेले होते. भाची बी.ए.ला आहे, विषय अर्थशास्त्र. तिच्या फोनमध्ये ‘महत्त्वाचे प्रश्न’ नावाची पीडीएफ होती. बाबासाहेबांच्या १९२३ सालच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’वर तिच्यात चार ओळी. मूळ पुस्तक पाहिलंस का, विचारलं. “मावशी, ते कुणी विचारतच नाही गं.”

तिचं खरं होतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये याच वयाची मुलं महिन्याची फी भरून दिवसदिवस मान खाली घालून बसतात. फोन त्यांच्याकडेही आहेत. पण तिथं स्पर्धा परीक्षा आहे, न वाचून चालत नाही. पदवीला मात्र परीक्षेआधीच्या आठ दिवसांत गाईडवर भागतं. मग उरलेलं वर्ष रील्सनी भरलं, तर दोष एकट्या फोनचा कसा? अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आपल्याकडेही आहेत. त्यातले थोडे एका अख्ख्या पुस्तकावर तोंडी बोलण्यासाठी ठेवायला कोणता कायदा लागतो? वर्गात ऐंशी मुलं असताना ते अवघड आहे, हे मला शिक्षक म्हणून कळतं. पण मग भांडण प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांसाठी व्हायला हवं.

आता दर रविवारी आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर ते पुस्तक वाचतो. सुरुवातीला दोन पानांतच ती कंटाळायची. परवा सुवर्ण विनिमय परिमाणाचा, म्हणजे सोन्याची नाणी न चालवता रुपयाची किंमत पौंडामार्फत सोन्याशी बांधून ठेवण्याच्या पद्धतीचा, भाग आला, तेव्हा तिनंच मला थांबवलं: “हे परिमाण ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सला चालत होतं, मग बाबासाहेबांना का नको होतं?”