‘वॉरंटी असून नुसते हेलपाटे’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर. लॅपटॉपच्या स्क्रीनवर रेषा येतात म्हणून निपाणीहून बेळगावला आमच्याकडे दोनदा यायला लागलं, तेही मुलाची परीक्षा तोंडावर असताना. त्रास झाला, माफी मागतो. पण ‘बाहेरचा मेकॅनिक दीड हजारात तासाभरात करून देत होता, यांनी मुद्दाम लांबवलं’ असं लिहिलंय तुम्ही. ते लागलं.

तासाभराचा इलाज म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स चिपवर हीटगनची गरम हवा मारायची. चिप आतल्या बोर्डावर सोल्डरच्या, म्हणजे जोडकामाच्या धातूच्या, बारीक गोळ्यांवर बसलेली असते. तापून-थंड होऊन सांधे तडकतात, आणि पुष्कळदा तडा चिपच्या पोटातच असतो. गरम केलं की तेवढ्यापुरतं धरतं, स्क्रीन लख्ख येते, गिऱ्हाईक खूश. थोड्या दिवसांनी परत त्याच रेषा. २००८ साली या चिपा बनवणाऱ्या खुद्द एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपच्या काही चिपांत पॅकेजिंगचा माल कमकुवत निघाल्याचं जाहीर करून दुरुस्ती आणि बदलीच्या खर्चासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. हवा मारून भागत असतं तर कशाला काढले असते? आणि बाहेर बोर्ड तापवलेला दिसला की वॉरंटी संपलीच म्हणून समजा.

आता उशिराचं. मशीन आमच्या टेबलावर नीट चाललं, कारण हा बिघाड तापल्यावरच दिसतो. कंपनीच्या इंजिनिअरला दिसला नाही तर बोर्ड मंजूर होत नाही. म्हणून म्हटलं, घरी रेषा आल्या की मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवा. त्यावर तुम्ही, ‘मी काय खोटं बोलतोय काय?’ नाही हो सर! व्हिडिओ आला पुढच्या आठवड्यात. त्यात अर्धा वेळ छताचा पंखा आहे, पण शेवटी डाव्या कोपऱ्यातून हिरव्या-जांभळ्या ठिपक्यांच्या उभ्या रांगा उतरताना स्पष्ट दिसतात. त्याच्यावरच बोर्ड मंजूर झाला. वॉरंटीत कंपनी सुटी चिप देत नाही, अख्खा बोर्ड बदलते, तो बेंगळुरूहून येतो. मध्ये शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, त्यात कुरिअरची गाडी गल्लीत शिरायची कशी? तुम्हाला एक रुपया लागला नाही, हे मात्र रिव्ह्यूत कुठंच नाही. वॉरंटीबाहेर याच बोर्डाचे किती होतात ते बेळगावात कुठल्याही दुकानात विचारून बघा.

वडील रेडिओ दुरुस्त करायचे तेव्हापासून हे दुकान आहे. ऑनलाइनमुळे गिऱ्हाईक आधीच कमी झालंय, त्यात एक स्टार बघून कॉलेजची पोरं पायरीसुद्धा चढत नाहीत.

फोन उचलला नाही म्हणता, ते दुकानातल्या मुलांना सांगितलंय. वॉरंटीच्या मशीनचं काय चाललंय ते यापुढे जमेल तसं व्हॉट्सॲपवर कळवत जाऊ.

आणि तेवढं लॅपटॉप गादीवर ठेवून गेम खेळायचं बंद करा म्हणावं मुलाला. खालची हवा कोंडते. व्हिडिओत दिसतंय.