सूट द्या, पण कागद उघडे ठेवा

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. जनुक-संपादित, म्हणजे स्वतःच्याच जनुकात फेरफार केलेल्या भातावरच्या माझ्या लेखाला तुमचे आक्षेप दोन. या वाणांत परकं जनुक नाही, मग तपासणीचा हट्ट कशाला? आणि दादरच्या मंडईत भाजी घेणाऱ्यांनी विदर्भातल्या शेतकऱ्याच्या वाटेत काटे का पेरावेत?

पहिल्यातलं बरंचसं मला मान्य आहे. मे 2025 मध्ये जाहीर झालेलं 'कमला', म्हणजे डीआरआर धान 100, हे सांबा मसुरी या भाताच्या वाणाच्याच एका जनुकात बदल करून तयार केलंय. बीटी कपाशीत बोंडअळीपासून बचावासाठी जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. दोघांना एकच नियम लावणं चूक. मार्च 2022 मध्ये केंद्राने अशा वाणांना जनुकीय बदल केलेल्या जीवांसाठीच्या 1989 च्या नियमांतल्या मोठ्या भागातून सूट दिली, ती राहू द्या.

पण संपादन करताना वापरलेलं परकं काही वाणात राहिलं नाही, हे ठरवतं कोण? मुख्यतः वाण बनवणाऱ्या संस्थेचीच जैवसुरक्षा समिती. तिच्यात सरकारचा प्रतिनिधी असतो, तरी घर त्यांचंच. अमेरिकेत जनुक-संपादनातून बिनशिंगी वासरं जन्मली, तेव्हा नको ते बदल झालेले नाहीत असंच सांगितलं गेलं होतं. 2019 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांना त्यांच्यात जिवाणूचा डीएनए सापडला, प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता देणाऱ्या जनुकांसकट. ती जनावरं होती, पीक नव्हे. पण बाहेरच्या कुणीतरी तपासलं म्हणून ते कळलं.

आता विदर्भ. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकी मिळायची. ती कडेने लावायची, म्हणजे बीटीला न सरावलेल्या अळ्याही टिकतात आणि प्रतिकार लवकर पसरत नाही. अनेकांनी ती लावलीच नाही. का लावावी? त्या ओळींवर बोंडअळी पडणार हे उघड होतं आणि नुकसान भरून द्यायला कुणी नव्हतं. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर कपाशी पोखरली. परवानगीच्या वेळी कागदावर सगळं होतं, नंतर शेतात फिरकणारं कुणी नव्हतं. ती किंमत शेतकऱ्याने मोजली, म्हणून मी हट्ट धरते.

नुसती बंदीही नको, इथे मी तुमच्याच बाजूची आहे. एचटीबीटीचं, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या, परवानगी नसलेल्या बीटी कपाशीचं बियाणं चोरून विकलं जातं, पक्की पावती मिळत नाही आणि उगवलं नाही तर दाद कुठे मागणार?

राहिली मुंबई. बीटी कपाशीची सरकी पेंड इथल्या तबेल्यांतल्या म्हशी खातात, सरकीचं तेल आपल्या पोटात जातं. मला त्याची भीती वाटत नाही, पण विचारायचा हक्क आहेच.

मागणं एवढंच: कोणतं जनुक बदललं ते पिशवीवर मराठीत छापा, तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत करून अहवाल सगळ्यांना वाचता येईल असा ठेवा, आणि विक्री सुरू झाल्यावर पहिले काही हंगाम कृषी विद्यापीठांनी शेतात जाऊन पाहणी करावी. यातल्या कशामुळे 'कमला' शेतकऱ्यापर्यंत पोचायचं थांबेल, ते मला सांगा.