पाऊण फेरा

सोसायटीच्या फळ्यावर काल संध्याकाळी सूचना लागली. दोन कलमं आहेत. पहिलं मला पाठ झालंय: "रविवारी सदनिका क्र. 7 यांनी पार्किंगमध्ये वाहनाचे तेल सांडून सोसायटीच्या साडेअकरा पेव्हर ब्लॉकचे विद्रूपीकरण केले. सबब प्रति ब्लॉक रु. 50 प्रमाणे दंड रु. 575 भरावा." अकरा नाही, बारा नाही, साडेअकरा. दुसऱ्या कलमाकडे नंतर येतो. ते आठवलं की माझा डावा डोळा अजून फडफडतो.

गाडी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 1998 साली घेतली. मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिचा काडीचाही दोष नाही. एम एच 04, रंग मूळचा पांढरा. गाडीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी तिला आरटीओत नेऊन ती जिवंत असल्याचा दाखला काढावा लागतो, वर हरित कर भरावा लागतो. 2022 पासून त्या नूतनीकरणाची फी सहाशेची पाच हजार झाली, आणि आमचा नंबर बरोब्बर 2023 मध्ये लागला. पाच हजार भरल्यावर माणूस गाडीवर प्रेम करायला लागतो. दुसरा इलाज नसतो.

त्यात गॅरेजवाले तिला बघितलं की तोंडाने 'च्च' करतात आणि त्या 'च्च'चे वेगळे दोनशे लावतात. म्हणून यंदा ठरवलं, ऑइल आपणच बदलायचं. काम तसं फार नाही. चेंबरचा बोल्ट काढा, जुनं ऑइल घमेल्यात सोडा, फिल्टर फिरवून काढा, नवीन बसवा, वरून तीन लिटर ओता. फिल्टर म्हणजे मूठभर पत्र्याचा डबा, आत चुण्या घातलेला कागद. नियम एकच. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल चोपडायचं, रबर इंजिनाला टेकेपर्यंत फिरवायचं आणि तिथून पुढे हाताने पाऊण फेरा. पाना लावायचा नाही.

मागच्या वेळी ज्यांनी तो बसवला होता त्यांनी बहुधा वटपौर्णिमा केली होती. सात जन्म हाच फिल्टर मिळो. हाताने हलेना. पॉलिश पेपर गुंडाळून पाहिला, हाताची सालं निघाली. शेवटी ज्याला सगळे 'जुना उपाय' म्हणतात तो केला: फिल्टरमधून आरपार स्क्रूड्रायव्हर ठोकला आणि त्याचा दांडा करून पिळला. पत्रा पापडासारखा फाटला, आतला कागद लोंबायला लागला, फिल्टर जागच्या जागी. मग तिसऱ्या मजल्यावर काम चालू असलेल्या प्लंबरकडून चेन पाना आणला. (आमच्या सोसायटीत कुठल्या तरी मजल्यावर कायम काम चालू असतं. इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार हे 2011 पासून नक्की आहे, त्यामुळे सगळे टाइल्स बदलून घेतात.) दोन तासांनी 'कट्ट' आवाज आला. मला वाटलं माझं मनगट. फिल्टर होता.

नवा फिल्टर चढेचना. खोपटच्या दुकानात परत गेलो. दुकानदार म्हणाला, सगळ्या जुन्या गाड्यांना हाच लागतो. म्हटलं, लागत नाहीये. तो म्हणाला, "लागतो. तुम्ही फिरवत नसाल नीट." आता त्याला आट्यांचं पुराण कोण सांगणार? काही फिल्टरचे आटे 20 मिलिमीटरचे असतात, काहींचे पाऊण इंची, म्हणजे 19.05 मिलिमीटर. फरक मिलिमीटरभराचासुद्धा नाही. पाऊण इंची फिल्टर 20च्या नळीवर चढतच नाही, ही देवाची कृपा. उलटं झालं तर मात्र वाट लागते. 20चा फिल्टर पाऊण इंची नळीवर सैलसर चढतो, बसला बसला असं वाटतं, आणि दाब आला की ऐन वेळी अंग काढून घेतो. असे दोन जावई आमच्या नात्यात आहेत. तर दुकानदाराने फिल्टर बदलून दिला, पण चेहरा असा केला की जणू मी त्याच्याकडून किडनी बदलून नेतोय.

हे खूळ मुळात 1923 चं. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड नावाच्या गृहस्थांनी मोटारीच्या तेलाला गाळणी लावली आणि तिचं नाव ठेवलं 'प्युरोलेटर'. 'प्युअर ऑइल लेटर'चं ते आखूड रूप. शुद्ध तेल, नंतर. शंभर वर्षांत माझ्या बाबतीत त्यातलं 'नंतर' तेवढं खरं ठरलंय.

साडेअकरा वाजले होते. गाडीचं तोंड दोन स्टँडवर चढवलेलं, मी पाठीवर सरकत खाली गेलो, रबराला ऑइल लावलं, फिल्टर टेकवला, पाऊण फेरा दिला. इतका सुरेख बसला की मी त्याला थोपटलं. तेवढ्यात गाडीच्या कडेशी दोन चपला येऊन थांबल्या.

निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला. उजवीचा पट्टा तुटलेला, तो खालून सेफ्टी पिन अडकवून धरलेला. वर चार बोटं पायजमा. यापलीकडे सोसायटीतले काका मला बराच वेळ दिसले नाहीत. त्यांचे गुडघे वाकत नाहीत आणि मला बाहेर यायची सवड त्यांनी दिली नाही. काका सरकारी ऑडिटमधून निवृत्त झालेत. खातं सुटलं, ऑडिट सुटलं नाही.

"खाली कोण आहे?"

"मी आहे, काका."

"मी म्हणजे?"

"सात नंबर."

"सात म्हणजे नानांचा का तू? नाना कसे आहेत?"

"काका, नाना जाऊन सहा वर्षं झाली. तुम्ही आला होतात."

चपला जरा विचारात पडल्या. "हो हो. आलो होतो की. छान झालं होतं सगळं."

यावर काय बोलणार? मी फिल्टर पुसला.

"ॲव्हरेज किती देते?"

"चौदा."

"विकत का नाहीस मग?"

या 'मग'चं मला आजही कोडं आहे. चौदा देते म्हणून विकायची, की तेरा दिले असते तर ठेवायची? पण गाडी जुनी झाली की ठाण्यात कोणीही कोणालाही हा प्रश्न विचारू शकतो. घोडबंदर रोडवर अनोळखी माणसाने सिग्नलला काच खाली करायला लावून मला हे विचारलंय. नव्या गाडीच्या हप्त्यांबद्दल कोणी कोणाला काच खाली करायला लावत नाही.

बायको चहा घेऊन खाली आली होती. तिला म्हटलं, बस आणि किल्ली फिरव, मी खालून बघतो गळतंय का. चालू इंजिनाखाली पडून राहायचं नसतं हे मला माहीत आहे, तेव्हाही होतं. पाऊण फेऱ्याचा गर्व झाला होता, दुसरं काय. तिने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, चालू झालं, आणि फिल्टर जिथे इंजिनाला चिकटतो तिथून चहूबाजूंनी ऑइलचं कारंजं उडालं. तलावपाळीला जे रात्री लावतात तसं, फक्त दिव्यांशिवाय आणि माझ्या छातीवर. "बंद कर" म्हणायला तोंड उघडलं ती दुसरी चूक.

इंजिन बंद झालं. शांतता. माझ्या कानाशी ऑइल सावकाश पसरत निघालं होतं, नवं कोरं, मधाच्या रंगाचं, 20 डब्ल्यू 50. चपला पुढे आल्या.

"काळं नाहीये हे."

"नवीन आहे, काका."

"मग नवीन कशाला सांडलंस? सांडायचं तर जुनं सांडायचं."

मग वरून एक करकर आवाज आला. काकांच्या पायजम्याच्या खिशात स्टीलची टेप असते. का असते, हे विचारायचं नसतं. टेपचं पिवळं पातं गाडीच्या कडेने खाली उतरलं आणि माझ्या नाकापाशी येऊन थांबलं.

"टोक धर."

"कशाला?"

"नोंद नको? पलीकडच्या काठाला लाव."

आणि मी धरलं. दंड मला, डाग माझा, अंगावर ऑइल माझं, आणि माप घ्यायला टेपचं दुसरं टोकही मीच धरलं. लहानपणी पतंग उडवताना याच माणसाची चक्री मी धरायचो, ती सवय हातात राहिली असणार.

"चौसष्ट. आता आडवं. एक्केचाळीस. थांब, थांब. परत उभं घे. सदुसष्ट? वाढतंय हे! अरे, थांबव ना जरा, माप घेतोय."

"काका, ते ऑइल आहे, त्याला थांब कसं सांगू?"

"आणि गोलही नाहीये धड. याचं क्षेत्रफळ कसं काढायचं?" टेप मागे गेली. उजवी चपल पुढे आली, थबकली आणि अंगठ्यापर्यंत ऑइलमध्ये बुडाली. काकांच्या ते गावीही नव्हतं. "असं करू, ब्लॉक मोजू. एक, दोन, तीन... अकरा. हा बारावा अर्धाच भिजलाय. साडेअकरा लिहितो. तुझ्यावर अन्याय नको."

हे ब्लॉक मागच्या पावसाळ्याआधी बसवले, माझ्याही वर्गणीतून. आधी तिथे शहाबादी होती. तिच्यावर नानांच्या स्कूटरने दहा वर्षं ऑइल गाळलं, कोणी हूं की चूं केलं नाही. आणि एक नंबरच्या पार्किंगमध्ये जी घराएवढी गाडी उभी असते, तिच्याखाली दिवाळीपासून एक पायपुसणं अंथरलंय. मी सोमवारी ते उचलून पाहिलं. चौदा ब्लॉक, आणि डाग काळाकुट्ट. काकांना सांगितलं तर म्हणाले, ते एसीचं पाणी. गाडी सेक्रेटरींची आहे, हे सांगायला नकोच. एसीचं पाणी काळं कधीपासून यायला लागलं म्हणून विचारलं तर म्हणाले, मोठ्या गाड्यांचं मला फारसं माहीत नाही.

असो. मी फिल्टर परत काढला. आटे ठीक, रबर ठीक, पत्रा ठीक. पुन्हा बसवणार, तेवढ्यात वरून प्रश्न आला.

"जुना फिल्टर कुठाय?"

"तुमच्या पायाशी. फाटलेला."

काकांनी बायकोला तो उचलून द्यायला लावला. बराच वेळ काही आवाज नाही. मग, खात्यात दोन पैशांचा फरक सापडल्यावर येत असेल तसा आवाज:

"नव्याला रबर किती?"

"एक."

"याला शून्य आहेत. म्हणजे हा आला तेव्हा एक असणार. मग ते एक रबर गेलं कुठे?"

मी टॉर्च वर मारला. फिल्टर जिथे बसतो तिथे, काळ्या लोखंडावर काळं, वटपौर्णिमेच्या पिळाने चपटं होऊन चिकटलेलं, जुनं रबर तिथेच होतं. मी त्याच्यावर दुसरं रबर दाबलं होतं. दोन रबरं एकावर एक घट्ट बसल्यासारखी वाटतात, पण दाब आला की एक निसटतं. हे मला चांगलं माहीत होतं. पुतण्याला मी हे एकदा हातवारे करून समजावलंही होतं. नखाने खरवडून ते काढलं, ऑइल पुन्हा आणलं, पुन्हा पाऊण फेरा दिला. आजतागायत एक थेंब गळलेला नाही.

मला सर्वात जास्त हेच झोंबलंय. त्यांना इंजिन कुठल्या बाजूला असतं हे माहीत नाही. डिकी उघडून त्यांनी "हे काय?" म्हणून स्टेपनी विचारली होती. आणि चुकलेला हिशेब त्यांनी उभ्याउभ्या, न वाकता, रबर मोजून लावला. मी "थँक यू काका" म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "रबर दे इकडे, फाइलला लावतो."

तिसऱ्या मजल्यावर सुताराचंही काम निघालं होतं, त्याच्याकडून पिशवीभर भुसा आणला, ब्लॉकवर टाकला, कपड्याच्या पावडरीने दोनदा घासलं. साडेअकराचे सव्वासात झाले. दंडात फरक पडत नाही म्हणे. नोंद घटनेच्या वेळची धरतात.

आता दुसरं कलम. "तसेच जिन्याच्या पायऱ्यांवर तेलाच्या पावलांचे ठसे आढळले असून त्याबाबत सदनिका क्र. 7 यांनी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा."

मी काल रात्री टॉर्च घेऊन ते ठसे पाहून आलो. सगळे एकाच पायाचे आहेत, उजव्या. प्रत्येकात अंगठ्याच्या खाली सेफ्टी पिनेची बारीक रेघ उमटली आहे. आमच्या दारावरून ते तसेच वर जातात आणि दुसऱ्या मजल्यावर, नऊ नंबरच्या पायपुसण्याशी थांबतात. मी पहिल्या मजल्यावर राहतो.